शरीराला लावायचे ठिगळ



आपल्यापैकी ज्यांच्या विहिरीवर किंवा बोअरवर मोटार बसवलेली आहे, त्यांनी एक पांढरी, पातळ, बोटभर रुंदीची टेप नक्कीच पाहिली असेल. पाइपाच्या आट्यांवर तिचे चार-पाच वेढे द्यायचे, वरून सॉकेट आवळायचे, की सांधा गळायचा थांबतो. पूर्वी या कामाला सुतळी आणि सफेदा वापरीत. आता ती खटपट गेली. प्लंबर या टेपला टेफ्लॉन टेप म्हणतात. वस्तू अगदी थोड्या पैशांची. काम झाले की उरलेली रिळे कोनाड्यात पडून राहतात.

पण याच पदार्थाची, बारीक छिद्रे असलेली नळी आज किती तरी माणसांच्या शरीरात बसवलेली आहे. कुणाच्या दंडात ती आहे आणि तिच्यामुळे त्याचे डायलिसिस चालते. कुणाच्या पायात आहे आणि तिच्यामुळे त्याचा पाय कापावा लागला नाही. एखाद्या निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळाच्या हृदयाशेजारी ती आहे, आणि तिच्यामुळे ते बाळ श्वास घेते आहे. सांधा गळू नये म्हणून लावायची वस्तू शरीरात कशी गेली, तिथे ती काय करते आणि काय करू शकत नाही, हे आज आपण पाहू.

पहिली गोष्ट १९३८ सालची. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा सत्तावीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटात वापरायचा नवा वायू शोधीत होता. त्यासाठी फ्लोरीनयुक्त एक वायू त्याने नळकांड्यांत भरून थंड करून ठेवला होता. ६ एप्रिलला त्याने आणि त्याच्या मदतनिसाने एका नळकांड्याची तोटी उघडली, तर वायू बाहेर येईना. वायू गळून गेला म्हणावे, तर नळकांड्याचे वजन होते तेवढेच. दुसऱ्या एखाद्याने ते बाजूला ठेवून नवे घेतले असते. यांनी करवतीने कापले. आत मेणासारखी गुळगुळीत पांढरी भुकटी निघाली. वायूचे कण एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या बनल्या होत्या. अशा साखळीच्या पदार्थाला बहुवारिक म्हणतात. हेच पुढे टेफ्लॉन या नावाने ओळखले गेले.

या साखळीची रचना समजून घ्यायला मक्याचे कणीस डोळ्यांपुढे आणा. मधल्या दांडीवर दाणे इतके दाटून बसलेले असतात की दांडी दिसतच नाही. टेफ्लॉनच्या साखळीत मधली दांडी कार्बनच्या अणूंची, आणि तिच्याभोवती दाटून बसलेले दाणे फ्लोरीनच्या अणूंचे. कार्बन आणि फ्लोरीन यांची गाठ रसायनशास्त्रातल्या फार बळकट गाठींपैकी एक आहे. त्यामुळे आम्ल, अल्कली, तेल, पाणी यांपैकी कुणालाही दांडीपर्यंत पोचता येत नाही. हा पदार्थ ३२७ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. आपल्या शरीरातले पाचक रस आणि पेशी यांनाही तो फोडता येत नाही. त्याला काही चिकटत नाही आणि तो कुणाला धरीत नाही.

आता कुणीही म्हणेल, असा निर्लेप पदार्थ शरीरात ठेवायला उत्तमच. पण इथेच पहिली अडचण येते. गुळगुळीत, भरीव वस्तू शरीरात ठेवली की शरीर तिच्याभोवती तंतूंची एक पिशवी विणते आणि तिला वेगळी पाडते. पायात काटा मोडून राहिला तर भोवती गाठ धरते ना, त्यातलाच हा प्रकार. वस्तू शरीरात असते, पण शरीराची होत नाही. ती व्हायची असेल तर पेशींना तिच्यात शिरायला वाट हवी, बारीक रक्तवाहिन्यांना रुजायला जागा हवी. म्हणजे छिद्रे हवीत. आणि टेफ्लॉनला बारीक, सारखी, एकमेकांना जोडलेली छिद्रे पाडायची कशी?

याचे उत्तर १९६९ च्या ऑक्टोबरात डेलावेअर राज्यातल्या नेवार्क गावी बॉब गोर याला सापडले. तो टेफ्लॉनच्या कांड्या तापवून हळूहळू ओढून लांब करायचा प्रयत्न करी. जितक्या सावकाश ओढाव्या तितक्या त्या तुटत. शेवटी वैतागून त्याने एका तापलेल्या कांडीला जोरात हिसका दिला. कांडी तुटली नाही. ती कित्येक पटींनी लांब झाली. नवल असे की रबर ताणले की बारीक होते, तशी ही कांडी फारशी बारीकही झाली नाही. मग वाढलेली जागा कशाने भरली? हवेने. त्या कांडीत सुमारे ७० टक्के हवा होती. जाता जाता सांगतो, न्यूझीलंडमध्ये जॉन क्रॉपर या गृहस्थाने टेफ्लॉन ताणण्याची युक्ती याच्याही आधी, १९६६ मध्ये साधली होती. पण त्याने ती धंद्याचे गुपित म्हणून झाकून ठेवली, आणि शोधाचा गवगवा दुसऱ्याच्या नावावर झाला.

सूक्ष्मदर्शकाखाली हा ताणलेला टेफ्लॉन पाहिला तर लहान लहान गाठी दिसतात, आणि गाठीपासून गाठीपर्यंत अतिशय बारीक तंतू ताणलेले दिसतात. बाजेवर सुतळी ताणून बसवावी, तसे. दोन गाठींमधले अंतर किती ठेवायचे हे ताणण्याच्या वेगावर आणि उष्णतेवर ठरवता येते. हे अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनांची असते. रक्तवाहिनीच्या नळीत गाठींमधले अंतर साधारण ३० मायक्रॉन ठेवतात. एवढ्या वाटेने भोवतालच्या ऊती नळीच्या भिंतीत शिरून तिला धरून ठेवतात, पण रक्त बाहेर गळत नाही. रक्त गळत नाही याचे एक कारण आपल्या टेपवरच दिसेल. टेफ्लॉन पाण्याला ओले होऊ देत नाही. छिद्र असले तरी पाणी आत घुसायला कचरते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. सुती कापडाचा एक तुकडा आणि नळाच्या टेपचा एक तुकडा शेजारी शेजारी ठेवावा. दोन्हींवर पाण्याचा थेंब टाकावा. कापड थेंब पिऊन टाकील. टेपवर तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल राहील. मग टेपवर गोडेतेलाचा थेंब टाकावा. तो पसरेल. मुलांना विचारावे, असे का? पृष्ठताणाचा धडा फळ्यावर चढण्याआधीच मुलांच्या बोटांत उतरेल.

कृत्रिम रक्तवाहिनीची कल्पना मात्र ताणलेल्या टेफ्लॉनच्या आधीची आहे. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्हूरहीस या तरुण शल्यविशारदाला एका कुत्र्याच्या हृदयात चुकून राहिलेला रेशमी टाका दिसला. काही महिन्यांत त्या धाग्यावर पेशींचा चकचकीत थर चढला होता. त्याच्या मनात आले, एका धाग्यावर थर चढतो, तर कापडाच्या नळीवर का चढू नये? १९५२ मध्ये त्याने विणलेल्या कृत्रिम कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ह्यूस्टनचे डॉ. मायकेल डीबेकी यांनी डॅक्रॉनचे कापड आणून, आपल्या पत्नीच्या शिवणयंत्रावर, स्वतःच्या हातांनी रक्तवाहिनी शिवली. छाती-पोटातल्या मोठ्या धमन्यांसाठी डॅक्रॉनच्या नळ्या आजही वापरतात. हातापायांतल्या मधल्या आकाराच्या वाहिन्यांसाठी १९७० नंतरच्या दशकात ताणलेला टेफ्लॉन आला.

आता एक वेगळे उदाहरण घेऊ. ते शेतकऱ्याला लगेच पटेल. हिरड्यांचा जुना रोग झाला की दाताच्या मुळाभोवतीचे हाड झिजते. डॉक्टर तो भाग साफ करतात, पण रिकाम्या झालेल्या जागेत हाड परत येत नाही. का? कारण हिरडीच्या वरच्या कातडीच्या पेशी भराभर वाढतात. हाडाच्या आणि दात धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या पेशी सावकाश वाढतात. शेत मोकळे ठेवले की पिकाआधी तण माजते, तसेच हे. मग १९८२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हिरडी आणि दाताचे मूळ यांच्यामध्ये एक पापुद्रा घातला. वरच्या पेशींना त्यातून खाली उतरता येईना. खाली मोकळी राहिलेली जागा सावकाश वाढणाऱ्या पेशींना मिळाली. पुढे १९८६ पासून या कामाला सच्छिद्र टेफ्लॉनचा पापुद्रा वापरू लागले. काही आठवड्यांनी पुन्हा हिरडी उघडून तो काढून घ्यावा लागे. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी आपोआप विरघळणारे पापुद्रे वापरतात. पण तत्त्व तेच आहे. पापुद्रा स्वतः हाड बनवीत नाही. तो फक्त कुंपण घालतो आणि पीक यायला वेळ मिळवून देतो. शरीराकडूनच शरीराची डागडुजी करून घेण्याच्या या विद्येला ऊती अभियांत्रिकी म्हणतात.

इतके चांगले चालले असताना अडले कुठे? अडले रक्तवाहिनीच्या अस्तराशी. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकपदरी थर असतो. एका पेशीच्या जाडीचा हा थर रक्ताची गुठळी होऊ देत नाही. टेफ्लॉनच्या नळीला हे अस्तर नसते. जोडाच्या दोन्ही टोकांकडून मूळ रक्तवाहिनीच्या पेशी नळीत सरकतात, पण माणसाच्या बाबतीत एक-दोन सेंटिमीटर गेल्यावर त्या थांबतात. मधला सगळा भाग उघडाच राहतो. नळी रुंद असली आणि रक्त जोरात वाहत असले तर चालून जाते. पण सहा मिलिमीटरहून अरुंद नळी पुष्कळदा गुठळीने बंद पडते. म्हणूनच गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्यांसाठी रुग्णाच्या स्वतःच्या पायातली शीर काढून लावणे हाच आजही पहिला मार्ग आहे. पण सगळ्यांच्या पायांत चांगली शीर उरलेली नसते. साखरेच्या आजाराने पाय काळा पडू लागलेल्या माणसाला हा तात्त्विक प्रश्न नसतो. त्याचा पाय राहणार की जाणार, हे त्यावर ठरते.

मग संशोधकांनी छिद्रे मोठी करून पाहिली. गाठींमधले अंतर ३० ऐवजी ६० मायक्रॉन केले, तेव्हा बबून माकडांमध्ये बाहेरून बारीक केशवाहिन्या भिंतीतून आत आल्या आणि संपूर्ण नळीला अस्तर चढले. सगळ्यांना आशा वाटली. पण माणसांत तसा लाभ दिसला नाही. माकडात साधले ते माणसात साधेलच असे नाही, हा धडा वैद्यकशास्त्राला पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो.

दुसरा मार्ग व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी धरला. अस्तर आपोआप चढत नाही ना, मग आपणच चढवू. १९८९ पासून त्यांनी रुग्णाच्या शिरेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवल्या. भाताचे रोप आधी तरव्यात वाढवून मग खाचरात लावतात, तसेच म्हणा ना. वाढलेल्या पेशी टेफ्लॉनच्या नळीला आतून लावल्या आणि मग ती नळी त्याच रुग्णाच्या पायात बसवली. तीनशेंहून अधिक रुग्णांवर हे करण्यात आले, आणि दहा वर्षांनंतरही यातल्या निम्म्याहून अधिक नळ्या वाहत्या होत्या. कल्पना खरी ठरली. पण तिला खर्च फार, निर्जंतुक प्रयोगशाळा हवी, आणि तातडीचा रुग्ण काही आठवडे थांबू शकत नाही. त्यामुळे ती सर्वत्र पसरली नाही.

एक गोष्ट टेफ्लॉनला कधीच करता येत नाही, ती म्हणजे वाढणे. काही बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. फुप्फुसाकडे पुरेसे रक्त जात नाही आणि बाळ निळे पडते. १९४४ मध्ये बाल्टिमोरला हेलन तौसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक आणि त्यांचे सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाकडे जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. आता धमनी न तोडता, मध्ये तीन-चार मिलिमीटरची टेफ्लॉनची नळी जोडतात. बाळाचा रंग पालटतो. पण बाळ वाढते आणि नळी तेवढीच राहते. म्हणून पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. बाळाबरोबर वाढेल अशी जिवंत नळी तयार करणे, हे या शास्त्रापुढचे मोठे उद्दिष्ट आहे.

त्यासाठी बरेच संशोधक विरघळणाऱ्या पदार्थांकडे वळले आहेत. घराचा स्लॅब टाकताना आपण खाली सेंटरिंग बांधतो आणि स्लॅब पक्का झाला की काढून घेतो. विरघळणारा सांगाडा सेंटरिंगसारखा असतो. टेफ्लॉन सळईसारखा आहे. तो कायम आत राहतो. विरघळणाऱ्या जाळीवर मानवी पेशी वाढवून, मग त्या पेशी धुऊन काढून तयार केलेल्या रक्तवाहिनीला २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अपघातात तुटलेल्या वाहिन्यांसाठी मान्यता दिली. म्हणजे टेफ्लॉनला आता प्रतिस्पर्धी उभे राहत आहेत.

पण फ्लोरीनच्या घराण्यातला आणखी एक भाऊ पुढे येतो आहे. त्याचे नाव पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड. नाव लांब आहे, पण गुण मजेदार आहे. १९६९ मध्येच जपानच्या हेइजी कावाई यांनी दाखवले की या पदार्थाचा ताणून सिद्ध केलेला पापुद्रा दाबला किंवा वाकवला तर त्यात वीज निर्माण होते. आता योगायोग पाहा. त्याआधी १९५७ मध्ये जपानच्याच फुकादा आणि यासुदा यांनी दाखवले होते की आपल्या हाडातही दाबाने सूक्ष्म वीज निर्माण होते. मग हाडाच्या पेशींना विजेची भाषा कळत असेल तर? उच्च दाबाच्या विजेने या पदार्थाचे अतिशय बारीक तंतू काढून, त्यांची सच्छिद्र गादी करून, तिच्यावर हाडाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशी वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत. हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर आहे. उद्या कुणी याचे नाव सांगून हाड जोडून देतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी सरकारी रुग्णालयात विचारून या.

आता टेफ्लॉनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी १९५० नंतरच्या दशकात खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवली. घर्षण नाही, म्हणून रुग्ण आनंदाने चालू लागले. सुमारे ३०० जणांना त्यांनी अशा वाट्या बसवल्या. पण तीन-चार वर्षांत वाट्या झिजल्या. झिजलेल्या भुकटीभोवती सूज आली आणि सांधे सैल पडले. चार्नलींनी आपल्याच मांडीत टेफ्लॉनची भुकटी घालून घेतली. तिथे गाठी आल्या. १९६२ मध्ये त्यांनी टेफ्लॉन सोडून पॉलिथिलीन घेतले आणि आजच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. ढेकळाने डोळ्यांत पाणी येत नाही, पण त्याच मातीची धूळ गेली तर येते. भरीव टेफ्लॉन शरीर सहन करते. त्याची भुकटी सहन करीत नाही. म्हणून नळी आणि पापुद्रा ठीक, घासणारा सांधा नको.

कारखान्याचा हिशोबही आहेच. टेफ्लॉन बनवताना पूर्वी एक फ्लोरीनयुक्त साहाय्यक रसायन वापरीत. ते निसर्गात कुजत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ अशा कचऱ्याच्या जागेवरून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी पिऊन एका शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या. त्याने तक्रार लावून धरली आणि १९९९ मध्ये खटला उभा राहिला. पुढे त्या भागातल्या हजारो लोकांच्या रक्तात हे रसायन सापडले. २०१५ पर्यंत अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी त्याचा वापर बंद केला, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले. जो न कुजण्याचा गुण शरीरात वरदान ठरला, तोच ओढ्यात शाप झाला. एका माणसाचा पाय वाचवताना दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी नासू नये, ही जबाबदारी शास्त्राचीच आहे.

जाण्यापूर्वी थोडे कामाचे सांगतो. जिल्हा रुग्णालयांतून आता डायलिसिसची सोय झाली आहे, आणि गावोगावी ते घेणारी माणसे आहेत. डायलिसिससाठी डॉक्टर आधी हाताचीच शीर आणि धमनी जोडून पाहतात. ते जमण्यासारखे नसले तर टेफ्लॉनची नळी बसवतात. आपल्या घरात असे कुणी असेल तर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, त्यातून रक्त काढू देऊ नका. त्या हातात घट्ट बांगड्या किंवा कडे नको, त्या हाताने पाण्याची घागर किंवा खताचे पोते उचलू नका, आणि तो हात अंगाखाली घेऊन झोपू नका. रोज सकाळी नळीवर अलगद बोटे ठेवून पाहा. मांजर घुरघुरताना अंगावर हात ठेवला की लागते, तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली, किंवा तिथे लाली, सूज, पू दिसला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गुठळी लवकर कळली तर पुष्कळदा नळी पुन्हा चालू करता येते.

जुन्या धोतराला ठिगळ लावणारी आजी ठिगळाचे कापड निवडताना आधी मूळ कापड बोटांनी चाचपून पाहते. फार जाड ठिगळ लावले तर ते शेजारीच फाटते, हे तिला ठाऊक असते. शरीराच्या ठिगळाचेही तसेच आहे. ऐंशीहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ हे कापड चाचपून पाहत आहेत. कुठे ते धरले, कुठे फाटले, हे सगळे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या नोंदींवरच उद्याचे ठिगळ बेतले जाणार आहे.